केनिया: पहिल्याच दिवशी गेटवरून परत फिरलो (मसाई मारा)

गोदाकाठची

ऑगस्टात मसाई माराला (केनियातलं जंगली जनावरांचं राखीव क्षेत्र) जाऊन आलो. पाच दिवसांचे पाच भाग लिहीन असं वचन देत नाही (इथे माझे दोन धागे आधीच अर्धवट पडलेत, कृपया आठवण करून देऊ नये). पण पहिल्या दिवसाबद्दल लिहायचंच आहे, कारण त्या दिवशी आमच्याकडे जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. तुम्हीच काय तो निवाडा करा.

आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांचे चिरंजीव आणि माझी आई, वय ६७. आईला न्यायचं की नाही यावरच दोन महिने गेले. एक तर गुडघे. त्यात यलो फीवरची लस. साठीच्या पुढच्यांना ती देताना डॉक्टर दहा प्रश्न विचारतात आणि ते बरोबरच आहे. शेवटी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळे कागद बघून हो म्हटलं आणि आम्ही तिकिटं काढली.

आदल्या संध्याकाळी नैरोबीत उतरलो. आफ्रिका म्हणून सुती कपडे भरले होते. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १८०० मीटरवर आहे आणि ऑगस्ट हा तिथला थंडीचा महिना, हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि सकाळी सहाला हॉटेलच्या दारात कुडकुडत उभं राहणं वेगळं. आईने मात्र नाशिकहूनच स्वेटर, कानटोपी आणि शाल आणली होती. काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

साडेसहाला गाडी आली. लँड क्रूझर, वरचं छप्पर उचलणारी. ड्रायव्हर हाच गाइड, वीस वर्षं याच रस्त्यावर. उतरून चिरंजिवांना हात पुढे करून म्हणाला, "सासा?" चिरंजीव इकडेतिकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, ससा दिसला. मग कळलं की 'सासा' म्हणजे 'काय, कसं काय', आणि त्यावर उत्तर द्यायचं 'पोआ', म्हणजे मस्त. पुढचे पाच दिवस रोज सकाळी "ससा?" "पोहा!" असा जप चालला होता.

नैरोबीतून बाहेर पडायलाच तास गेला. मग लिमुरूकडची धुक्यातली चढण, आणि अचानक डाव्या हाताची जमीनच संपली. ग्रेट रिफ्ट व्हॅली. सुमारे आठ हजार फुटांवर रस्त्याच्या कडेला लाकडी सज्जे बांधलेत, तिथे गाडी थांबते. कसाऱ्याला घाटमाथ्यावरून खाली बघतो तसं वाटलं, फक्त इथे समोर कोकण नाही. समोर मैदान, त्यात लोंगोनोटचा ज्वालामुखी आणि पार पलीकडे दरीची दुसरी भिंत, निळसर. सज्जामागे दुकानं, मेंढीची कातडी, केसाळ टोप्या. ड्रायव्हर म्हणाला, बघा हवं तर, घ्यायलाच पाहिजे असं नाही. (नारोकच्या अलीकडे एका मोठ्या दुकानात मात्र चाळीस मिनिटं गेली. स्वच्छतागृह तिथेच, आणि तिथे जायची वाट अख्ख्या दुकानातून. काय ते समजून घ्या.)

घाट उतरताना माई माहिऊच्या अलीकडे एक इवलंसं दगडी चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता करून घेतला, तेव्हा १९४२ मध्ये त्यांनी ते बांधलं. आपल्याकडच्या गावातल्या मारुतीच्या देवळाएवढं असेल. पुढे ट्रकच ट्रक. एक बंद पडलेला ट्रेलर आडवा, त्यात दीड तास गेला. नारोकमध्ये जेवलो: चपाती, राजम्यासारखं काहीतरी, 'सुकुमा विकी' नावाची पालेभाजी आणि उगाली. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याची घट्ट उकड, आईचा निकाल. वर तेल-लसूण मागितलं असतं तर खाल्ली असती म्हणे.

कॅम्पवर सामान टाकून माराच्या सेकेनानी गेटवर पोचलो तेव्हा दुपारचे पावणेचार वाजले होते. आणि इथे मुख्य गोष्ट.

आमच्या टूरवाल्याच्या कागदावर पहिल्या दिवशी लिहिलं होतं: 'आगमन व सायंकालीन सफारी'. खाली बारीक अक्षरात: 'प्रवेशशुल्क दिवस २ ते ४ समाविष्ट'. मी वाचलं नव्हतं. नवऱ्याने वाचलं होतं, पण 'किरकोळ असेल' असं त्याला वाटलं. किरकोळ म्हणजे किती? जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर. नऊ ते सतरा वयाच्या मुलांना ५०. म्हणजे आम्हा चौघांचे ६५०. रुपयांत छप्पन्न हजारांच्या वर. आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. आज काढलेलं उद्या चालत नाही. दोन तासांसाठी छप्पन्न हजार.

नवरा म्हणाला, एवढं आलोय, जाऊ. मी म्हटलं, अजिबात नाही. ड्रायव्हर शांतपणे इंजिन बंद करून बसला, त्याला हा प्रवेश पाठ असावा. आणि तेवढ्यात गाडीला मसाई बायकांनी वेढा घातला. मण्यांच्या माळा, कडी, कानातली, खिडकीतून हात आत. मी काच वर करायला लागले तर आई म्हणाली, "थांब गं."

तिच्या खिडकीशी एक तिच्याच वयाची बाई होती. कानाच्या पाळ्या लोंबून खांद्याच्या दिशेला आलेल्या, त्यात मण्यांची कडी, आणि कानाच्या वरच्या कडेलाही भोक पाडून त्यात पत्र्याची चकाकती लोंबणी. आई त्या वरच्या भोकाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या कानावरची कानटोपी सरकवून तिने तिला आपला कान दाखवला. माझ्या आईला लग्नात बुगडी होती, त्याचं भोक, आणि खाली जड कुड्यांनी ओघळलेली पाळी. त्या बाईने माळा खाली ठेवल्या. बोटाने आईची पाळी हलकेच ओढून बघितली, बुगडीच्या जागेवर बोट टेकवलं आणि मागे वळून बाकीच्या बायकांना मोठ्याने काहीतरी सांगितलं. सगळ्या हसायला लागल्या. एकेक जण येऊन आईचा कान बघून गेली. आई मराठीत सांगतेय, "मोत्याची होती, मोडून हिच्या शिक्षणाला लावली", ती मा भाषेत काहीतरी सांगतेय, आणि आमचा छप्पन्न हजारांचा प्रश्न गाडीत तसाच.

आईनेच तो सोडवला. "तुम्ही जा हवं तर. मी इथे बसते."

गाडी मागे फिरवली. नवरा गप्प. ड्रायव्हर म्हणाला, राखीव क्षेत्राला कुंपण नाही, जनावरांना गेट कुठंय ते ठाऊक नाही. कॅम्पच्या वाटेवर त्याने पाचच्या सुमाराला रस्त्याकडेला गाडी उभी केली. दोनशे पावलांवर सात जिराफ. मसाई जिराफाचे ठिपके सरळ कडांचे नसतात, कातरलेले असतात, आम्हा नाशिककरांना ते थेट द्राक्षाच्या पानांसारखे दिसतात. त्यांच्या पलीकडे लाल शुका, म्हणजे मसाई चादर, पांघरलेलं एक पोरगं गाई हाकत होतं आणि गाईंच्या बाजूला झेब्रे चरत होते, जसे काही त्याच गोठ्यातले. एक जिराफ अगदी जवळच्या काटेरी झुडपाशी आली. बोटबोटभर पांढरे काटे. आणि तिची ती लांब काळी-जांभळट जीभ त्या काट्यांमधून पाला काढत होती. आई म्हणाली, "शेवगा ओरपावा तशी ओरपतेय."

पाऊण तास आम्ही तिथे होतो. आणखी एकही गाडी नव्हती.

आता वादाचं कारण. रात्री जेवताना शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. ते त्याच संध्याकाळी तिकीट काढून आत गेले होते आणि त्यांना पाच वाजता चित्त्याने केलेली शिकार दिसली. चित्रफीत दाखवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आम्हाला नंतरच्या तीन दिवसांत सिंह, हत्ती, पाणघोडे, नदीकाठी हजारोंनी वाइल्डबीस्ट, सगळं दिसलं. शिकार नाही. नवरा दर आठवड्याला एकदा तरी म्हणतो, "पाच वाजता आपण जिराफ बघत होतो."

तर मंडळी, चुकलं का आमचं?

फुलटॉस

स्पष्ट सांगू? चुकलंच. तुमच्या मिस्टरांना माझा पाठिंबा कळवा. ऑगस्टात मारात आहात, ऊन कलतंय, हीच तर जनावरं हलायची वेळ. माणशी दोन-अडीच लाख घालून गेलात आणि शेवटच्या छप्पन्न हजारांसाठी गेटवरून परत? लग्नात सगळा खर्च करून अक्षता वाचवण्यासारखं झालं. जिराफ राणीच्या बागेतही बघता येतो.

आईंचा कानाचा किस्सा मात्र एक नंबर.

रानभूल

फुलटॉस, राणीच्या बागेत सध्या जिराफ आहे की नाही ते आधी बघा. :)

आम्ही २०२४ च्या सप्टेंबरात नेमकं उलट केलं. पैसे भरून पहिल्या संध्याकाळी आत गेलो. गेटवर कागदपत्रं होईपर्यंत सव्वाचार. ड्रायव्हरच्या वायरलेसवर 'सिंबा, सिंबा' सुरू झालं, तो सुसाट. पोचलो तर झुडपाखाली दोन सिंहिणी झोपलेल्या आणि भोवती चौदा गाड्या, मी मोजल्या. मला एका सिंहिणीचं पोट दिसलं, वर-खाली होणारं. वीस मिनिटांनी सगळ्या गाड्या सुरू झाल्या, कारण सहाच्या आत बाहेर पडायचं. परतताना ड्रायव्हरचं लक्ष घड्याळात. एकही फोटो धड नाही. तेव्हा चित्ता दिसला तर दोनशे डॉलर सार्थकी, पोट दिसलं तर नाही. ताडोबात तरी वेगळं काय असतं? मी सलग सहा फेऱ्या कोऱ्या काढल्यात.

चहाबाज

प्रचि (प्रकाशचित्रं) कुठे आहेत? प्रचिशिवाय धागा म्हणजे बिनसाखरेचा चहा.

डोंबारी

यलो फीवरची लस घ्यावीच लागते का? आमचा एजंट म्हणतो, केनियात उतरताना कोणी विचारत नाही.

नैरोबीकर नाना

नैरोबीत तीस वर्षं राहतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

डोंबारी, तिथे उतरताना विचारोत न विचारोत, मुंबईला परत उतरताना विचारतात. केनियाहून येताना दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, एकदा घेतली की जन्मभर चालते. एजंटला सांगा, तूच जा तसा.

आता मूळ मुद्दा. पूर्वी माराचं तिकीट चोवीस तासांचं होतं. दुपारी तीनला शिरलात तर दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत तेच चालायचं. त्यामुळे पहिल्या दिवशीची संध्याकाळची फेरी सगळ्या कार्यक्रमांत असायचीच. आता तिकीट बारा तासांचं झालं, दर २०२४ च्या जुलैपासून दोनशेवर गेला, पण टूरवाल्यांच्या छापील कार्यक्रमात जुनी ओळ तशीच राहिली. गोदाकाठची, तुमची चूक बारीक अक्षरं न वाचण्याची, परत फिरण्याची नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी तीन वाटा सांगतो.

पहिली, नैरोबीहून थेट मारा गाठायचा अट्टहास सोडा. पहिल्या रात्री नैवाशाला थांबा, तासा-दीड तासाची वाट वाकडी होते. तळ्यात होडीतून पाणघोडे बघा. मुक्काम करून पहाटे निघालात तर दुपारच्या आत मारा, आणि तिकीट काढलं तरी अर्धा दिवस हातात.

दुसरी, राखीव क्षेत्राला लागून ज्या कन्झर्व्हन्सी आहेत, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ वगैरे, तिथे राहा. जमीन मसाई कुटुंबांची, कॅम्पवाले त्यांना भाडं देतात. गाड्या मोजक्या, रात्रीची फेरीही चालते, जी राखीव क्षेत्रात चालत नाही. महाग आहे. पण पहिल्या संध्याकाळचा हा प्रश्नच उरत नाही.

तिसरी, विमान. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटी विमानं माराच्या धावपट्ट्यांवर उतरतात, तासाभराच्या आत. सामान पंधरा किलो, तेही मऊ पिशवीत. पण मग रिफ्ट व्हॅली, ते चर्च, ट्रेलर आणि कानवाल्या बाई काहीच नाही. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. आपला 'सफर' आणि तो, दोन्ही अरबीतून आलेले. इथला माणूस मोंबासाला मावशीकडे निघाला तरी सफारीलाच निघतो. त्यामुळे आमच्या हिशेबी तुमची सफारी सकाळी साडेसहाला सुरू झाली होती.

माई माहिऊ हे नाव वाचून थांबलो जरा. २०२४ च्या एप्रिलअखेर तिथे रात्रीतून पाण्याचा लोंढा आला आणि कित्येक जीव गेले. आता तिथून जाताना ट्रेलरवर चिडावंसं वाटत नाही.

फुलटॉस

नाना, माहितीबद्दल आभार. मताशी असहमत, पण नैवाशाची कल्पना पटली.

शब्दवेल्हाळ

सिंबा हा शब्द 'सिंह'वरूनच गेला असणार ना? आपले व्यापारी शेकडो वर्षं त्या किनाऱ्यावर जात होते.

नैरोबीकर नाना

नाही हो. ते दिसायला सारखं आहे एवढंच. सिंबा बांटू मुळाचा शब्द आहे. आपल्याकडून गेलेले शब्द पाहिजेत तर 'गारी' घ्या, गाडी. 'बिमा' घ्या, विमा. 'लाकी' म्हणजे लाख. चपाती तर चपातीच. सिंह त्यांचा त्यांच्याकडेच होता, नाव आपल्याकडून कशाला घेतील?

इथली रेल्वे बांधली तेव्हा, १८९६ ते १९०१, बत्तीस हजारांच्या आसपास मजूर हिंदुस्थानातून आणले, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या घरात मेले. त्सावोचे नरभक्षक सिंह प्रसिद्ध झाले, पण रोगराईने आणि अपघाताने गेलेले त्याहून कितीतरी जास्त. आणि २०१७ मध्ये इथल्या सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना केनियाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. मी कोण विचारलं की मी तेच सांगतो.

पानगळ

मी वनस्पतीशास्त्रवाली, म्हणून वेगळाच प्रश्न. ती काटेरी झुडपं म्हणजे काट्यांच्या बुडाशी काळे फुगीर गोळे असलेली होती का? असतील तर ती शिट्टी वाजवणारी बाभूळ. गोळे पोकळ असतात, त्यात मुंग्या राहतात. मुंग्या पाडतात त्या भोकांतून वारा शिरला की शीळ वाजते. जनावराने पाला ओढला की मुंग्या तोंडावर धावून जातात, म्हणून जिराफ एका झुडपाशी फार वेळ थांबत नाही.

आणि माराच्या प्रत्येक फोटोत मोकळ्या गवतात एकटं उभं असतं ते झाड सगळे बाभूळ म्हणून खपवतात. ते बहुधा बॅलेनाइट्स असतं. म्हणजे आपल्याकडच्या हिंगणबेटाचं भावंड.

गोदाकाठची

पानगळ!! गोळे होते! चिरंजिवांनी रस्त्याकडेला पडलेली एक सुकी काटकी उचलली होती, त्यावर दोन गोळे. ड्रायव्हरने आधी ती झटकून घेतली, मग हातात दिली. कानाशी धरून फुंकर मारली तर बारीक आवाज येतो, रिकाम्या पेनच्या टोपणात फुंकल्यासारखा. काटकी ड्रायव्हरने परत ठेवायला लावली, काही न्यायचं नाही म्हणाला. जिराफही खरंच दर थोड्या वेळाने झुडूप बदलत होती, आम्हाला वाटलं खोडकर आहे.

आणि हिंगणबेट आईने ओळखलं होतं! दुसऱ्या दिवशी आत गेल्यावर म्हणाली, हे आमच्या शेताच्या बांधावर होतं, याच्या फळाच्या गराने आजी रेशमी लुगडी धुवायची. आम्ही तिला खुळ्यात काढलं. आता तिला तुझी प्रतिक्रिया वाचून दाखवते.

चहाबाज, प्रचि टाकेन, पण सगळे नवऱ्याच्या कॅमेऱ्यात आहेत आणि तो ते 'निवडतोय'.

डोंबारी

आम्ही शाकाहारी, तेही कांदा-लसूण न खाणारे. थेपले-खाकरे न्यावेत का? प्लॅस्टिकची भानगड आहे असं ऐकलं.

रानभूल

२८ ऑगस्ट २०१७ पासून तिथे प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, दंड भयंकर. विमानतळावरच्या दुकानाची पिशवीसुद्धा सोडून द्यायला सांगतात. फराळाचे स्टीलचे डबे काढा माळ्यावरून. थेपले सुती फडक्यात. पाण्याची एकदाच वापरायची बाटलीही संरक्षित क्षेत्रात २०२० पासून चालत नाही. आणि मुलाला लष्करी छापाची पँट घेतली असेल तर घरीच ठेवा, तिथे सामान्य माणसाने ती घालायची नसते. आम्ही एक नवीकोरी पँट नैरोबीत बॅगेच्या तळाशी गाडली.

जेवणाचं म्हणाल तर कॅम्पला आधी कळवा. तिथले स्वयंपाकी गुजराती पाहुण्यांमुळे तयार झालेत, कांदा-लसणाशिवायची डाळ करून देतात.

काकडआरती

बायकांच्या अडचणीचं कोणी लिहीतच नाही. सहा-सात तासांचा रस्ता, बरोबर ६७ वर्षांच्या बाई. सोय काय?

गोदाकाठची

काकडआरती, योग्य प्रश्न. व्ह्यूपॉइंटला आहे, बरी. त्या लादलेल्या दुकानात आहे, स्वच्छ (म्हणूनच सगळे तिथे नेतात). नारोकला पेट्रोलपंपावर आहे. नारोकनंतर गेटपर्यंत थेट काही नाही, त्यामुळे तिथे जाऊनच घ्यायचं, हवी-नको विचारायचं नाही. रस्ता आता सेकेनानीपर्यंत डांबरी आहे, तो मोठा दिलासा. आईच्या गुडघ्यांसाठी खरा त्रास रस्त्याचा नाही, गाडीच्या उंच पायरीचा. ड्रायव्हर दरवेळी एक लाकडी खोकं आणून ठेवायचा आणि "पोले पोले" म्हणायचा, सावकाश. आता घरात जिना उतरताना ती स्वतःलाच म्हणते.

रात्रीचाही एक किस्सा राहिला. अंधार पडल्यावर तंबूपर्यंत एकटं जायचं नाही, भाला आणि बॅटरी घेऊन मसाई रखवालदार सोडायला येतो. आई आणि चिरंजीव एका तंबूत. पाच मिनिटांत त्या तंबूतून किंकाळी. रखवालदार धावला, आम्ही धावलो. आईच्या पांघरुणात काहीतरी गरम, मऊ आणि केसाळ होतं. तिला वाटलं, कुठलं तरी पिल्लू शिरलंय. रखवालदाराने भाल्याच्या मागच्या टोकाने पांघरूण उचललं. लोकरी गवसणीतली गरम पाण्याची पिशवी! थंडी म्हणून कॅम्पवाले प्रत्येक अंथरुणात ठेवतात. तो इतका हसला की भाला खाली ठेवून बसला. मग तरस ओरडले, ते "ऊऽऽऊप" असं खालून वर चढत जाणारं, आणि आमचं हसणं थांबलं. पहाटे दूरवर सिंहही ऐकू आला. तो आवाज कानाला कमी आणि छातीत जास्त जाणवतो. तिकीट नव्हतं त्याला.

फुलटॉस

ठीक आहे. ही पिशवी आणि ते तरस धरून पाचशे डॉलर वसूल, दीडशे अजून बाकी.

नवखा प्रवासी

आम्ही फेब्रुवारीत जातोय, आईवडिलांना घेऊन. तेव्हा तिकीट १०० डॉलर आहे ना? मग पहिल्या संध्याकाळी जावं का?

नैरोबीकर नाना

हो, जानेवारी ते जून १००. वाइल्डबीस्टच्या स्थलांतराचे मोठे कळप तेव्हा टांझानियात, दक्षिण सेरेंगेटीत असतात, पण माराची राहती जनावरं कुठे जात नाहीत. गेटवर दुपारी तीनच्या आत पोचत असाल तर जा. चारनंतर नको. टूरवाल्याकडून 'कोणत्या कोणत्या दिवसाचं शुल्क भरलंय' हे तारखांसकट लिहून घ्या. आणि नैरोबीतून साडेसहाला नाही, पाचला निघा.

पानगळ

मला एकच विचारायचंय. आईंनी त्या बाईंकडून शेवटी काय घेतलं?

गोदाकाठची

लाल-पांढऱ्या मण्यांची कानातली. पंधराशे शिलिंग म्हणाली होती, कान बघून झाल्यावर सहाशेला दिली. आईने वर स्वतःच्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट दिलं आणि एक तिच्या कपाळाला लावूनही दाखवली.

पण तो जोड खालच्या पाळीचा नाही, वरच्या भोकाचा आहे, हे घरी आल्यावर कळलं. परवा आई भद्रकालीतल्या आमच्या जुन्या सोनाराकडे गेली. चाळीस वर्षांचं बुगडीचं भोक आहे, उघडेल का विचारायला. त्याने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, बुजलेलं नाही, नुसतं आळसावलंय. शुक्रवारी बोलावलंय.